बहिणीची सही कुठे आहे?

सदर : घर पाहावं घेऊन

या महिन्याच्या टपालात जुन्या फ्लॅटांचीच पत्रं जास्त आहेत. बाणेर-वाकडचे भाव ऐकून लोक पुन्हा पेठांकडे आणि कॅम्पाच्या कडेकडेला घर शोधू लागलेत, असं दिसतं. पहिल्या पत्राला मी बरीच जागा दिली आहे, कारण बाकीच्यांच्या निम्म्या शंका त्यातच फिटतात.

प्रश्न : मी एका रुग्णालयात परिचारिका आहे, मिस्टर खासगी कंपनीत स्टोअर्स सांभाळतात. सध्या मांजरीला भाड्याने राहतो. रास्ता पेठेत के. ई. एम.च्या बाजूला एक फ्लॅट पाहिला. १९८४ ची इमारत, तीन मजले, लिफ्ट नाही, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. कार्पेट ५४० चौरस फूट, भाव ५८ लाख. विकणाऱ्या आजी बेने इस्रायली, म्हणजे इथल्या ज्यू समाजातल्या, आहेत. यजमान २०११ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मुलगा-मुलगी इस्रायलमध्ये स्थायिक, आता आजीही तिकडे जाणार. शेअर सर्टिफिकेटवर आजींचं नाव आहे. खाली तमिळ कुटुंब, समोर बोहरी, वर ख्रिस्ती. सासूबाई म्हणतात, ‘तिथे आपलं कुणीच नाही.’ ब्रोकर म्हणतो, आज टोकन दिलं नाही तर घर हातचं जाईल. काय करावं? (एक वाचक, मांजरी)

उत्तर : ताई, आज टोकन देऊ नका. घर गेलं तर जाऊ दे. जुन्या इमारतीतला, लिफ्ट नसलेला दुसरा मजला एका दुपारीत उडून जात नाही. ब्रोकरला घाई आहे ती त्याच्या दोन टक्क्यांची.

आधी सासूबाईंचं बघू, कारण घरातली शांतता कर्जाच्या हप्त्यांपेक्षा जास्त वर्षं लागते. ‘आपलं कुणी नाही’ हे रास्ता पेठेबद्दल कुणी म्हटलं की मला गंमत वाटते. सरदार रास्त्यांच्या नावाची ही पेठ. इथे १९२१ सालापासून बेने इस्रायलींचं सिनेगॉग आहे, अय्यप्पाचं मंदिर आहे. शेजारी नाना पेठेत अग्यारी आहे, आणि क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जागा मिळाली ती १७९२ मध्ये, सवाई माधवरावांच्या काळात, पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी. म्हणजे ही सरमिसळ कालची नाही. आणि आजींचं म्हणाल तर बेने इस्रायलींची घरची भाषा मराठीच. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावं रायगडातल्या गावांवरून आलेली आहेत. सासूबाईंना एकदा सोबत न्या आणि आजींशी बोलू द्या. उकडीच्या तांदळाबद्दल दोघी अर्धा तास बोलतील, याची खात्री मी देते.

सणासुदीला ताटं कशी इकडून तिकडे जातात, हे मी लिहीत बसणार नाही. माझं लहानपण नाना पेठेत गेलं, मला ते सगळं ठाऊक आहे, आणि दिवाळी अंकांत ते छान दिसतं. इमारतीत भांडणं होतात ती वेगळ्याच गोष्टींवरून. पाण्याची मोटर कोण चालू करतो, जिन्यात सायकल कुणाची, मेंटेनन्स कोण सहा महिने थकवतो, वरच्यांच्या बाथरूमची गळती कुणी दुरुस्त करायची. हे चार प्रश्न खालच्या तमिळ काकूंना विचारा. त्यांच्या उत्तरावरून इमारत नांदती आहे की नुसतीच उभी आहे, ते कळेल.

आता खरा मुद्दा. शेअर सर्टिफिकेटवर आजींचं नाव आहे, म्हणून आजी संपूर्ण मालक ठरत नाहीत. यजमान गेल्यावर सोसायटीने बहुधा नॉमिनेशनच्या आधारे ते नाव चढवलं असेल. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. सोसायटीला पत्रव्यवहार कुणाशी करायचा, एवढंच त्यातून ठरतं. २०१९ मध्ये सहकार कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने तर नॉमिनीला स्पष्टच ‘तात्पुरता सदस्य’ म्हटलं, तोही कायदेशीर वारस सदस्य होईपर्यंत.

मग वारस कोण? इथे विकणाऱ्याचा धर्म तुमच्या कामाचा आहे, शेजाऱ्यांचा नाही. बेने इस्रायलींना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांना समान. म्हणजे घर एकट्या यजमानांच्या नावावर असेल तर आजींच्या हातात घराचा तिसरा हिस्सा आहे, आणि प्रत्येक मुलाच्या हातातही तेवढाच. ५८ लाख मोजून तुम्ही तिसरा हिस्सा घ्याल, ही कल्पना करून बघा. म्हणून आधी १९८४ चा मूळ करार मागा. तो नवरा-बायको दोघांच्या नावावर निम्मा निम्मा असेल तर चित्र बदलतं : अर्धं घर आजींचं आधीपासूनच, उरलेल्या अर्ध्याचा तिसरा हिस्सा वारसाने, एकूण दोन तृतीयांश. तरीही पूर्ण नाहीच.

उपाय आहे, आणि तो अवघड नाही. मुलगा-मुलगी आपापला हिस्सा आईच्या नावे सोडून देतील असं नोंदणीकृत हक्कसोड पत्र करायचं. त्यांना इथे येणं जमत नसेल तर कुणाला तरी कुलमुखत्यारपत्र द्यावं लागेल. ते तेल अवीवच्या भारतीय दूतावासात साक्षांकित करा किंवा अपॉस्टिल (एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) करून आणा. भारत आणि इस्रायल दोघेही अपॉस्टिलच्या करारात आहेत. कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, हे लोक विसरतात. मुखत्यारपत्रात हा फ्लॅट, त्याचा नंबर, आणि ‘आईच्या नावे हक्क सोडण्यासाठी’ असं नेमकं लिहिलेलं असावं. ‘सर्व मिळकतींचे सर्व व्यवहार’ असली ढोबळ मुखत्यारपत्रं माझ्याकडे आली की मी परत पाठवते.

हक्कसोड आधी झालं की करातही तुमचा फायदा आहे. विकणारा भारतात राहणारा असेल आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तुम्ही एक टक्का कर कापून सरकारकडे भरायचा, बाकी रक्कम त्याला द्यायची. विकणारा परदेशस्थ असला तर हा एक टक्क्याचा नियम चालत नाही. कर पुष्कळ जास्त दराने कापावा लागतो, आणि कापला नाही तर आयकर खातं विकणाऱ्याला नाही, तुम्हाला धरतं. म्हणून मुलांनी थेट विकणाऱ्यांत सही करण्यापेक्षा हक्क आईकडे सोडणं आणि आईने एकटीने विकणं सोयीचं. फक्त आजी आधी विमानात बसल्या आणि मग खरेदीखत करायचं, असं नको. त्या वर्षात त्या किती दिवस भारतात होत्या, यावर त्यांचा दर्जा ठरतो. चार्टर्ड अकाउंटंटला तारखा दाखवा.

बँक वारसांबद्दल जास्तीची खात्री मागेल. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळतो, हा कायदा इतका जुना असूनही आपल्याकडे अजून रोज वापरात आहे. वेळ लागतो. शिवाय एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात जाहीर नोटीस द्या. नोटीस वाचून कोणी हरकत घेतलीच तर ती आत्ता कळलेली बरी.

इमारतीबद्दल. चाळीस वर्षांची इमारत म्हणजे लगेच पडकी नव्हे, पण १९८४ चं साल मी लक्षात ठेवेन. त्या काळात सिमेंट कंट्रोलमध्ये असे. १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे नियंत्रण उठलं. परमिटचं सिमेंट आणि बाजारातलं महाग सिमेंट यांत कुठे काटकसर झाली, ते स्लॅबच्या पोटात दिसतं. तुमच्या फ्लॅटच्या आधी गच्चीवर जा, मग पाण्याच्या टाकीखाली, मग जिन्याच्या खालच्या बाजूला. सळईच्या रेषेत सरळ गेलेली भेग आणि तिच्या कडेला तांबूस डाग दिसला तर आत लोखंड गंजून फुगलंय. बोटाच्या पेराने छताचं प्लास्टर वाजवा, पोकळ आवाज आला तर ते सुटलेलं आहे. बाल्कनी खोलीत घेतली आहे का? बहुतेकांनी घेतलेली असते. मूळ नकाशात ती बाल्कनीच असेल तर बँकेचा मूल्यांकनकर्ता तेवढी जागा मोजणार नाही, आणि बाहेर काढलेल्या स्लॅबवर भिंत नि कपाटांचं ओझं आलंय, ते वेगळंच. ५४० मध्ये ती बाल्कनी धरली आहे का, ते टेपने मोजा. नुकताच रंग दिला असेल तर मला आनंद होत नाही. शक्य असेल तर पावसाळ्यात पुन्हा एकदा जा.

सोसायटीकडे दोन कागद मागा. एक, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. आदर्श उपविधींप्रमाणे (उपविधी म्हणजे सोसायटीचे नोंदवलेले नियम) ३० वर्षांपुढच्या इमारतीचं ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. दोन, महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे स्थिरतेचं प्रमाणपत्र. ते ३० वर्षांपुढच्या प्रत्येक इमारतीला लागतं. ‘आमच्याकडे असलं काही नाही, इमारत भक्कम आहे’ असं सेक्रेटरी म्हणाले तर त्यांच्यावर रागावू नका, निम्म्या पेठांत हेच उत्तर मिळतं. मग दोन-चार हजार खर्चून तुम्हीच एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. तो जे म्हणेल त्यावर भाव खाली आणता येतो.

जमीन कुणाच्या नावावर आहे, हे मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) बघा. तिथे अजून मूळ जमीनमालकाचंच नाव असण्याची शक्यता बरीच आहे, कारण त्या पिढीतल्या बिल्डरांनी फ्लॅट विकले आणि जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे ती सोसायटीच्या नावावर करून देणं, राहिलं. व्यवहार त्यामुळे अडत नाही. २००८ पासून बिल्डरने करून दिलं नाही तरी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडून मानीव अभिहस्तांतरण घेता येतं. पण उद्या पुनर्विकास करायचा झाला तर सगळ्यांना हीच पायरी आधी चढावी लागेल, तेवढं धरून चाला. मूळ करार पाच रुपयांच्या स्टँपवर दिसला तर घाबरू नका. १० डिसेंबर १९८५ च्या आधी तसेच करार होत. त्याची नोंदणी झाली होती का, ते मात्र तपासा, आणि तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च (शोध) वकिलाकडून घ्या. सूची क्रमांक दोनची (नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) छायाप्रत ब्रोकरने दिली म्हणून सर्च झाला, असं नसतं.

पैशांचं गणित थोडक्यात. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे इथे ४६ लाख ४० हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक या हिशेबात धरत नाही, तो तुमच्या खिशातून. पुण्यात मेट्रोच्या अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ४ लाख ६ हजार, वर नोंदणी ३० हजार. खरेदीखत फक्त तुमच्या एकटीच्या नावावर केलं तर महिला म्हणून एक टक्का कमी, ५८ हजार वाचले. कर्जात मिस्टर सहकर्जदार राहू शकतात, घर तुमच्या नावावर. हे घरी सांगताना माझं नाव पुढे करायला हरकत नाही. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर ५८ लाखांपेक्षा जास्त निघाला तर शुल्क त्या दरावर, हेही आधीच बघून ठेवा.

आणि कर्ज वीस वर्षांचं धरलं असेल तर बँकेला आत्ताच विचारा. हप्ते संपेपर्यंत इमारत उभी राहील का, हे ती बघते. जुन्या इमारतीला बारा-पंधरा वर्षांचीच मुदत दिली, असं खूपदा होतं. मग हप्ता वाढतो, आणि स्वस्त वाटलेलं घर दर महिन्याला महाग पडतं. हे टोकनच्या नंतर कळून उपयोग नाही.

आजींना घर विकायचंच असेल आणि तुम्हाला घ्यायचंच असेल, तर विसार पावती (अटी लिहिलेली बयाण्याची पावती) करा. रक्कम लहान, चेकने, आजींच्या खात्यात. पावतीत लिहा की ठरलेल्या मुदतीत मुलांचं हक्कसोड नोंदवलं गेलं नाही किंवा बँकेने कर्ज नाकारलं तर विसार परत. ब्रोकर कुरकुर करेल. आजी करणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. मुलं लांब असलेल्या बाईला कागद नीट व्हावेत असंच वाटतं.

प्रश्न : भवानी पेठेत एका मुस्लिम कुटुंबाकडून वन बीएचके घेत आहोत. वडिलांच्या नावावर घर होतं, ते गेले. आई आधीच गेलेल्या. दोन्ही मुलगे सही करायला तयार आहेत. तीन बहिणी आहेत, पण भाऊ म्हणतात, ‘त्यांची लग्नं लावून दिली, त्यांचा काही हक्क नाही.’ त्यांच्यात तसं असतं का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : ‘त्यांच्यात’ तसं नसतं. कुणातच नसतं. मुस्लिम कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा आहे, म्हणजे तुमच्या व्यवहारात दोन भाऊ नि तीन बहिणी मिळून सात भाग : भावांचे दोन-दोन, बहिणींचा एक-एक. घराचे सातातले तीन हिस्से तुम्ही सोडून देताय. पारशांत मुलगा-मुलगी सारखे. ख्रिस्ती आणि बेने इस्रायलींत सारखे. हिंदूंत वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीला १९५६ पासून मुलाइतकाच वाटा आहे, वडिलोपार्जित मिळकतीत २००५ पासून. आमच्या कचेरीत सगळ्या जातीधर्मांचे भाऊ येऊन गेले, आणि ‘लग्न लावून दिलंय’ हे वाक्य प्रत्येकाने मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत मला ऐकवलं आहे. एवढी एकवाक्यता मी दुसऱ्या कशात पाहिलेली नाही.

तिन्ही बहिणींच्या सह्या घ्या, खरेदीखतावर किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोड पत्रावर. साध्या स्टँप पेपरवर नोटरीसमोर ‘आमची हरकत नाही’ लिहून आणलं तर ते पुरेसं नाही, स्थावर मिळकतीतला हक्क तसा सुटत नाही. एखादी बहीण पैसे मागत असेल तर तो त्यांच्या घरातला हिशेब आहे. पण तो तुमच्या व्यवहाराच्या आधी मिटू द्या. आणि हो, बहिणींना तुम्ही स्वतः भेटा. भावांच्या समोर नको.

प्रश्न : कॅम्पात लाल देवळाजवळ जुन्या इमारतीत फ्लॅट सांगितला आहे, भाव पेठांपेक्षाही कमी. ब्रोकर म्हणतो कॅन्टोन्मेंट आहे म्हणून शांत आणि स्वस्त. घ्यावा का? (निवृत्त शिक्षक, वानवडी)

उत्तर : सर, शांत आहे हे खरं. स्वस्त का आहे, ते ब्रोकरने सांगितलं नाही. कॅन्टोन्मेंटमधली बरीचशी जमीन संरक्षण खात्याची असते. वर बांधलेलं तेवढं लोकांचं, खालची जमीन ओल्ड ग्रँटवर (मालकी सरकारची, नुसती वापरायला दिलेली) किंवा भाडेपट्ट्यावर. तुम्ही नेमकं काय विकत घेणार, ते ‘जनरल लँड रजिस्टर’ नावाच्या नोंदवहीतल्या उताऱ्यावर कळतं. तो उतारा, भाडेपट्टा असल्यास त्याची मुदत, आणि हस्तांतराला परवानगी लागते का, हे तीन कागद हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. बँकाही तिथे हात आखडता घेतात, म्हणजे पुढे तुम्हाला विकायचं झालं तर घेणारा रोखीचाच शोधावा लागेल. भाव कमी आहे तो याच कारणाने.

एक मात्र बघा. बऱ्याच जाहिरातींत ‘कॅम्प’ लिहिलेलं असतं आणि इमारत निघते नाना पेठेत किंवा भवानी पेठेत, महापालिकेच्या हद्दीत. तसं असेल तर वरचं सगळं लागू नाही. मिळकत कराची पावती मागा. ती कॅन्टोन्मेंट बोर्डाची आहे की महापालिकेची, एका नजरेत कळेल.

प्रश्न : पारशी सोसायटीतला फ्लॅट एका पारशी गृहस्थांना आम्हालाच विकायचा आहे, पण समिती म्हणते बाहेरच्यांना सदस्यत्व नाही. हे बेकायदेशीर नाही का? आणि उलट, आमच्या सध्याच्या सोसायटीत मांसाहारी भाडेकरू-खरेदीदार नको म्हणतात, तेही चालतं का? (एक वाचक, घोरपडी)

उत्तर : दोन्हीचं उत्तर उपविधींत आहे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सांगितलं की नोंदणीकृत उपविधीतच सदस्यत्व त्या समाजापुरतं ठेवलेलं असेल तर ते चालू शकतं. मला हा निकाल आवडत नाही, पण तुमचे पैसे माझ्या आवडीनिवडीवर लावू नका. त्या सोसायटीच्या उपविधींची प्रत काढा. तशी अट असेल तर दुसरं घर बघा. जमीन एखाद्या धर्मादाय ट्रस्टची असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हा आणखी एक प्रश्न, तोही विचारा.

उपविधीत काही नसताना समितीच्या नुसत्या मनात असेल, मग ते धर्मावरून असो की मासळीवरून, तर सदस्यत्व नाकारायला ते योग्य कारण होत नाही. नाकारलं तर लेखी मागा, आणि उपनिबंधकांकडे दाद मागा. लेखी म्हटलं की निम्म्या समित्या गप्प बसतात. आणि हस्तांतर शुल्क म्हणून महापालिका हद्दीत २५ हजारांहून जास्त प्रीमियम मागता येत नाही. ‘बिल्डिंग फंडाला स्वेच्छेने लाख रुपये’ हेही त्यातच आलं. मागणाऱ्याचं नाव पावतीवर घालायला सांगा.

प्रश्न : ब्रोकर म्हणतो नाना पेठेतली ही इमारत दोन वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार, म्हणून भाव थोडा जास्त. (एक वाचक, कोंढवा)

उत्तर : सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त दाखवायला सांगा. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती लागते. ती सभा झालीच नसेल तर दोन वर्षं कशाच्या जोरावर? शिवाय समोरच्या गल्लीची रुंदी मोजा. नवं बांधकाम किती उंच जाईल, ते बऱ्याच अंशी रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि पेठांतल्या गल्ल्या तुम्हाला माहीतच आहेत. विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेघ इमारतीवरून जाते का, तेही महापालिकेत बघा. रेघ जात असेल तर ब्रोकरचा ‘थोडा जास्त’ भाव उलटा, थोडा कमी व्हायला हवा.

प्रश्न : जुन्या फ्लॅटबरोबर पार्किंगचे वेगळे तीन लाख मागतात. (एक वाचक, खडकी)

उत्तर : देऊ नका. स्टिल्ट (इमारतीखालच्या खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग सोसायटीचं सामाईक असतं, ते फ्लॅटसारखं सुटं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. जागा सोसायटी वाटून देते. सेक्रेटरींना विचारा, यादीत कितवा नंबर लागेल. बहुधा बराच मागचा लागेल, तर स्कूटर घ्या.

प्रश्न : घर घेऊन वर्ष झालं. महापालिकेच्या मिळकत कराचं बिल आधीच्या मालकापेक्षा बरंच जास्त आलंय. तक्रार करू का? (एक वाचक, सोमवार पेठ)

उत्तर : तक्रारीच्या आधी पीटी-३ अर्ज भरा. स्वतः राहत असाल तर पुण्यात ४० टक्के सवलत मिळते, पण आधीच्या मालकाची सवलत तुमच्याकडे आपोआप येत नाही. सोसायटीचं पत्र, गॅसचं कार्ड किंवा मतदार ओळखपत्र असा राहत असल्याचा पुरावा जोडा. आणि बिलावर अजून जुन्याच मालकाचं नाव असेल तर आधी नाव बदलून घ्या, मग अर्ज.